उताऱ्याखालचे नाव

१

'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक ३ एप्रिल १९२९ रोजी सुरू झाले, असे बी. ए. च्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते. २०२१ चा उन्हाळा होता. मार्च २०२० पासून महाविद्यालयांचे वर्ग नीट भरत नव्हते. स्वाध्याय मोबाईलवर येत आणि मोबाईलवरच तपासावे लागत. तारीख चुकीची होती, म्हणून मी खूण केली आणि पुढे गेलो. पुढच्या स्वाध्यायात तीच तारीख होती. त्याच्या पुढच्यातही तीच. एकूण चौदा मुलामुलींनी 'बहिष्कृत भारत' १९२९ साली सुरू केले होते आणि चार ओळी खाली गेल्यावर ते नोव्हेंबर १९२९ मध्ये बंदही पाडले होते. मधली अडीच वर्षे कुठे गेली, असा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

मी त्यांना विचारले की हे कुठून घेतले? एकाने एक पीडीएफ पाठवून दिली. वर विषयाचे नाव, घटकाचे नाव आणि 'लेखन व संकलन' या शब्दांपुढे दुसऱ्या एका महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे नाव होते. तो माझ्या ओळखीचा, चळवळीतला, माझ्याहून लहान. खालचा मजकूर वाचू लागलो आणि दुसऱ्या परिच्छेदाशी थांबलो. मजकूर माझा होता. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत मी माझी जुनी टंकित टिपणे जशीच्या तशी गटावर टाकली होती. त्यातली माझी शब्दांची सवय, माझी उदाहरणे, माझा एक मोडका शेवट, सगळे तसेच होते. माझे नाव तेवढे नव्हते.

मला राग आला, हे लपवीत नाही. आपल्या नावाचा कागद आपल्या घरात प्रथमच तयार झालेला असतो, त्या माणसाला त्या नावाची किंमत जास्त वाटते. मी त्याला फोन केला. त्याने सबबी सांगितल्या नाहीत. मुलाखतीच्या फाईलमध्ये ई-कंटेंट दाखवावे लागते, दोन दिवसांत करावयाचे होते, असे म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "सर, चुकलं माझं. पण एक विचारू का? त्यातलं तुमचं किती होतं?"

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

२

त्या रात्री मी माझ्या बी. ए. च्या काळातली पिशवी काढली. त्या टिपणांचे मूळ माझे नव्हते. वसतिगृहातल्या एका दादाची वही होती, तिची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. 'बहिष्कृत भारत'च्या तारखेतला शेवटचा आकडा यंत्राच्या काळ्या पट्ट्यात बुडालेला होता. खाली पाक्षिक बंद पडल्याचे साल १९२९ असे स्वच्छ दिसत होते, त्यावरून मी वरही अंदाजाने ९ धरला असावा. शिकवू लागल्यावर तेच टंकित करून घेतले. पुढे खरी तारीख वाचून पाठ झाली, वर्गात तीच सांगत राहिलो. परंतु आपल्या टिपणात ती चूक तशीच बसून आहे हे मला ठाऊकच नव्हते. मी स्वतःचे टिपण पुन्हा वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून वसंत मून यांनी संपादित केलेला, महाराष्ट्र शासनाने १९९० साली काढलेला 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांच्या अंकांचा खंड आणला. पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा आहे. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या हजारो माणसांनी प्यायले, तो दिवस २० मार्च १९२७. म्हणजे महाडला डोकी फुटली आणि बरोबर चौदा दिवसांनी पाक्षिक निघाले. महाडला काय झाले हे आपल्या शब्दांत सांगण्यासाठी हाती कागद नसेल, तर ते दुसरे कोणीतरी त्याच्या शब्दांत सांगणार, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. सत्याग्रह आणि वृत्तपत्र यांचा हा सांधा आहे. ७ चा ९ झाला की तो सांधाच निखळतो. पाक्षिक महाडशी संबंध नसलेले, दोन वर्षांनी कुठून तरी उगवलेले होते असे होते. चौदा मुलांनी एक तारीख चुकविली नव्हती. त्यांच्यापर्यंत चळवळीचे कारणच पोचले नव्हते. त्याला मी जबाबदार होतो.

खंड हाती होता म्हणून पुढेही पडताळून पाहिले. माझ्या टिपणातले दोन परिच्छेद एका चरित्रग्रंथातून शब्दशः आलेले होते. त्यांखाली लेखकाचे नाव नव्हते. त्या दादाच्या वहीतही नव्हते. म्हणजे ज्या मजकुरावरून मी माझे नाव पुसले गेले म्हणून फोन केला, त्या मजकुरावरून एक नाव आधीच पुसलेले होते आणि ते पुसण्यात माझा हात होता. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे होते की निम्म्याहून थोडे कमी.

३

वाङ्मयचौर्याची चर्चा आपल्याकडे नेहमी पाश्चात्त्य विद्यापीठांच्या शिस्तीपासून सुरू होते, जणू नाव देण्याची रीत आपल्याला कुणी बाहेरून शिकविली. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. मंगळवेढे आमच्या जिल्ह्यात आहे. चोखोबा तिथला. पंढरपूर आमच्या जिल्ह्यात आहे, आणि देवळात पाऊल टाकू न दिलेल्या चोखोबाची समाधी तिथे महाद्वाराशी, पायरीच्या बाहेर आहे. चोखोबाचे अभंग अनंतभट्ट नावाचा लेखक उतरून घेत असे, असे संतपरंपरा सांगते. म्हणजे ज्याचे शब्द त्याच्या हाती लेखणी नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी त्याचे शब्द नाहीत. अशा स्थितीत शब्द कुणाचे हे कसे टिकावयाचे? ते टिकले नाममुद्रेमुळे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव गुंफलेले असते. गाणाऱ्याने ते गाळले तर चाल मोडते. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या त्या एका घरातल्या माणसांची नावे आपल्याला माहीत आहेत ती कोणत्या दप्तरात नोंद होती म्हणून नव्हे. मुद्रा पुसता आली नाही म्हणून ती उरली.

मुद्रा बदलणारेही होते. तुकोबांचे अभंग आपल्या नावाने खपविणारा सालोमालो परंपरेला चांगला ठाऊक आहे. तीन-साडेतीनशे वर्षे लोकांनी त्याचे नाव लक्षात ठेवले, ते चोर म्हणून. संदर्भाचे नियम आणि तपासणीची यंत्रे यायच्या कितीतरी आधी मराठी माणसाला दुसऱ्याच्या रचनेवर आपले नाव घालणे म्हणजे काय, हे कळत होते.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांच्या भक्तिमार्गाविषयी त्यांचे मतभेद स्पष्ट होते. तरी नाव घ्यावयाचे तेथे त्यांनी नाव घेतले. आधीच्या ग्रंथाच्या, म्हणजे १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?'च्या, अर्पणपत्रिकेवर जोतीराव फुले यांचे नाव आहे. जेथून आपल्याला काही मिळाले तेथले नाव सांगणे ही आपल्या विचारपरंपरेची रीत आहे.

४

आपल्या माणसांच्या नावाने छापलेला मजकूर हा इतिहासात किती उशिरा आला हे पाहिले म्हणजे त्या नावाचे मोल कळते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. शिवराम जानबा कांबळे यांचा 'सोमवंशीय मित्र' १ जुलै १९०८ चा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चा. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापावयास 'केसरी' तयार नव्हता. या चार टप्प्यांना पासष्ट वर्षे लागली.

आणि 'मूकनायका'वर संपादक म्हणून नाव होते ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेबांनी लिहिलेले लेख त्यात अनामिक आहेत. 'बहिष्कृत भारता'त तर रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागले आणि त्यातले बरेच लेखन सहीशिवायच आहे. पुढच्या संशोधकांनी शैलीवरून, संदर्भावरून, पत्रव्यवहारावरून ते ओळखून काढले. १९७६ साली रत्नाकर गणवीर यांनी 'बहिष्कृत भारता'तले अग्रलेख ग्रंथरूपाने आणले, नंतर शासनाचे खंड आले. एकेका उताऱ्याखाली नाव लावण्यासाठी माणसांनी आयुष्ये घातली. ते काम करणाऱ्यांत बहुतेक कार्यकर्ते होते, कारकून होते, शाळामास्तर होते. आज मी त्यांच्या खंडातली ओळ उचलतो आणि खाली काही लिहीत नाही, तेव्हा त्यांनी लावलेले नाव मी पुन्हा काढून टाकतो.

आमच्या सोलापूरचा यात एक वाटा आहे, तो आम्हीच विसरलो आहोत. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडलेले वसतिगृह. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांची राहण्याची, जेवणाची, कपड्यांची, वह्या-पुस्तकांची सोय तिथे होती. या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले, अशी नोंद धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात केली आहे. मासिकाच्या नावावर हसू नये. त्या वेळी मुलांना मिळालेल्या शब्दांतून त्यांनी ते निवडले. लक्षात घ्यावयाचे ते हे, की पोटाला आणि पाठीला आधार मिळताच या मुलांनी पहिली गोष्ट केली ती लिहिण्याची. दुसऱ्याचे उतरून काढणे एवढेच शिक्षण असते तर त्यांना मासिकाची गरज नव्हती. कित्येक दशकांनंतर त्याच शहरात मी वसतिगृहातल्या दादाची वही उतरून काढीत होतो.

५

परंतु येथे थांबून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाही तर हे लेखन 'मुले कॉपी करतात' या नेहमीच्या ओरडीत मिसळून जाईल, आणि त्या ओरडीचे बोट कुणाकडे असते हे आपल्याला माहीत आहे. स्टाफरूममध्ये कॉपीचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सवलतीचा विषय निघतो. चांगला लिहिलेला पेपर पाहून 'हे याने स्वतः लिहिले असेल का?' असा संशय कोणत्या आडनावांवर आधी येतो, हे मी विद्यार्थी असताना पाहिले आणि आज शिक्षक असतानाही पाहतो.

नोट्स ही आपल्या मुलांची गरज होती आणि आहे. घरात पुस्तक नाही, विचारायला कुणी नाही. पुस्तक इंग्रजीत, परीक्षा मराठीत. ग्रंथालयात ग्रंथाची प्रत एक आणि मुले दोनशे. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले. त्यानंतर हे शहर मुंबई, मग पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ असे विद्यापीठे बदलत आले. २०१९ साली या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. प्रत्येक वेळी अभ्यासक्रम बदलला, ग्रंथांच्या याद्या बदलल्या. पण त्या याद्यांतली पुस्तके पुरेशा संख्येने खेड्यातल्या महाविद्यालयात कधी पोचली नाहीत. पोचली ती दादाची वही. वही देणाऱ्या त्या दादाने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. त्याची वही नसती तर मी बी. ए. झालो नसतो. त्या वहीला मी चोरीचा माल म्हणणार नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रत काढणे ही एक गोष्ट आहे आणि नाव पुसणे ही दुसरी. पहिलीविषयी न्यायालयातही निर्णय झाला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणे निवडून त्यांचे संच करून विद्यार्थ्यांना विकले जातात, हा त्यांचा आक्षेप. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच शिक्षणाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी प्रती करण्याला मुभा आहे, त्या आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठानेही मूळ तत्त्व कायम ठेवले, आणि पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाच्या बाजूने लागलेला हा महत्त्वाचा निकाल आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो ठाऊक करून घेतला पाहिजे.

त्या संचांत प्रत्येक प्रकरणाला त्याचा कर्ता होता. मुले झेरॉक्स वाचत होती, पण कुणाचे वाचत आहोत हे त्यांना कळत होते. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात, मालकी हक्क विकून टाकल्यानंतरही आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा लेखकाचा हक्क राखून ठेवला आहे. म्हणजे मालकी वेगळी आणि कर्तेपण वेगळे. मालकीच्या कुंपणाला आपण जरूर विरोध करावा. ज्ञानाच्या भोवती कुंपण घातल्याने काय होते ते आपल्या पूर्वजांच्या पाठीवर लिहिलेले आहे. परंतु कर्तेपण पुसण्याला आपण मान्यता दिली, तर ज्यांचे कर्तेपण दोन हजार वर्षे पुसले गेले त्यांना तक्रार करावयास जागा राहणार नाही.

६

आता ई-कंटेंटकडे वळतो. ही लाट टाळेबंदीमुळे आली असे समजण्याचे कारण नाही. टाळेबंदीने तिला वेग दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमांत शिक्षकाच्या शैक्षणिक गुणांकनात ई-कंटेंटचा समावेश आहे. संपूर्ण अभ्यासक्रमाचे साहित्य केल्यास १२ गुण, एका घटकाचे केल्यास ५. गुण मोजणारा फाईल आहे की नाही ते पाहतो. फाईलच्या आत काय आहे, ते कुठून आले, हे वाचण्याइतका वेळ त्याला नसतो. नोकरी कायम असणाऱ्याला पदोन्नतीसाठी ही फाईल लागते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला ती दरवर्षीच्या मुलाखतीत स्वतःची लायकी दाखविण्यासाठी लागते. मीही काही वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. सुट्टीच्या महिन्यांत हाती काही येत नाही, आणि जूनमध्ये पुन्हा तीच रांग असते. माझ्या मित्राने दोन दिवसांत केलेल्या त्या फाईलमागे ही रांग आहे. त्याने केले ते योग्य नव्हे; पण ते समजून न घेता त्याला एकट्याला गुन्हेगार ठरविणेही योग्य नव्हे.

त्याच वर्षी, २०१८ मध्येच, आयोगाने वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे नियमही काढले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पुढे चाळीस, साठ आणि साठाच्या वर असे टप्पे आणि त्यानुसार वाढत जाणारी कारवाई. २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेखाली विद्यापीठांना तपासणीची संगणकप्रणाली मिळाली. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय, प्रकल्प-अहवाल, उत्तरपत्रिका या नियमांच्या कक्षेतून वगळल्या आहेत. रोख मुख्यतः प्रबंध, शोधनिबंध आणि ग्रंथ यांच्यावर आहे. वर्गात फिरणारे शिक्षकाचे टिपण कुणी त्या यंत्रात घालीत नाही.

आणि घातले तरी काय? यंत्राला ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो मजकूर त्याच्या साठ्यात असावा लागतो. मराठीतली जुनी पुस्तके तिथे फारशी नाहीत. जुन्या संगणकी टंकांत घडविलेला मराठी मजकूर यंत्राला मराठी म्हणून ओळखूच येत नाही. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवून त्यावर आपले नाव घातले तर साम्य शून्य दिसते. एखाद्या वस्तीतल्या आजीने सांगितलेली हकीकत लिहून घेऊन तिचे नाव गाळले तर तेही शून्य. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याची मालमत्ता थोडीफार राखली जाते. मराठी लेखकाची, अनुवादकाची आणि तोंडी सांगणाऱ्याची राखली जात नाही. ज्यांचे ज्ञान कागदावर आलेच नाही ते बहुसंख्येने आपलेच आहेत. दहा टक्के या आकड्यात त्यांचा हिशेब नाही.

विशेष हे, की सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या पाठ्यसाहित्यात नावे असतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या विद्यापीठाच्या, पुस्तकांच्या आरंभी लेखक व संपादक यांची नावे छापलेली असतात. आयोगाच्या 'ई-पीजी पाठशाले'तल्या पाठांवरही लेखक आणि परीक्षक यांची नावे दिसतात. नावे गळतात ती खाली येताना : पुस्तकातून टिपणात, टिपणातून पीडीएफमध्ये, पीडीएफमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. आता तर प्रश्न टाकला की यंत्र उत्तर लिहून देते. त्या उत्तराखाली कुणाचेच नाव नसते आणि त्यात काय काय मिसळले आहे ते आपल्याला दिसत नाही. आमच्या झेरॉक्सवर निदान काळा पट्टा तरी दिसत होता.

७

या विषयावर लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येण्यासारखी नाही. ती विरोधकांच्या तोंडून वेडीवाकडी ऐकण्यापेक्षा आपणच आपल्या नियतकालिकात सरळ मांडावी, असे मला वाटते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. जॉन ड्यूई हे त्यांचे तिथले गुरू. टोरांटोच्या प्राध्यापिका अरुण मुखर्जी यांनी २००९ मध्ये 'न्यू लिटररी हिस्टरी' या नियतकालिकात दाखवून दिले, की ड्यूईंच्या १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथातले विचार आणि काही ठिकाणी वाक्येही बाबासाहेबांच्या लेखनात अवतरणचिन्हांशिवाय आली आहेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या हातच्या खुणा असलेली ड्यूईंची पुस्तके आहेत. त्यांवरून इतर अभ्यासकांनीही हे काम पुढे नेले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातही मूळ पाली ग्रंथांचे संदर्भ दिलेले नव्हते.

हे वाचून मी प्रथम अस्वस्थ झालो. मग ग्रंथ पुन्हा उघडले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले, मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले आणि १९३६ साली बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापलेले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे मुळात भाषण आहे. त्यातच ड्यूईंचे नाव गुरू म्हणून, आपल्यावर त्यांचे मोठे ऋण आहे अशा शब्दांत, भर सभेला सांगण्यासाठी घेतलेले आहे. ज्याला लपवावयाचे असते तो मूळ मालकाचे नाव सांगत नाही. शिवाय ड्यूईंचा विचार अमेरिकेतल्या शाळांसाठी होता. तो बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या मुळाशी नेऊन लावला, त्या ठिकाणी ड्यूई स्वतः कधी पोचले नव्हते. मुखर्जी यांच्या मांडणीचाही रोख आरोपाचा नाही. गुरूचा विचार शिष्याने कसा पचविला आणि बदलला, हे त्यांना दाखवावयाचे आहे.

तरीही अवतरणचिन्हे नाहीत तेथे नाहीत. हे मान्य करण्यात बाबासाहेबांचा अवमान नाही. धम्मग्रंथाच्या बाबतीत भदंत आनंद कौसल्यायन यांनी काय केले ते पाहावे. हिंदी अनुवाद करताना त्यांनी पाली साहित्यातले मूळ संदर्भ शोधून काढून जोडले. त्यांनी ग्रंथाचा बचाव करीत भाषणे दिली असती तरी चालले असते. पण त्यांनी कष्टाचे काम निवडले. माझ्या दृष्टीने अनुयायीपण ते हे. आपल्या थोरांच्या लेखनाखाली राहून गेलेली नावे आपण शोधून लावावीत. विरोधक 'सापडले' म्हणून ओरडतील त्याच्या आधी ती आपणच लावलेली असावीत.

८

मित्राला मी आठ दिवसांनी पुन्हा फोन केला. उत्तर सांगितले. तारखेचेही सांगितले. तो हसला नाही, म्हणाला, "मग आता काय करायचं, सर?" आम्ही दोघांनी बसून ते टिपण नव्याने केले. प्रत्येक परिच्छेदाखाली तो कुठून आला ते लिहिले. ज्या चरित्रग्रंथातले परिच्छेद होते त्याचे नाव आणि पान. तारखांपुढे शासनाचा खंड. जे माझे होते त्याखाली माझे नाव आणि जे त्याने नव्याने लिहिले त्याखाली त्याचे. दादाच्या वहीचा उल्लेख कसा करावा यावर बराच वेळ अडलो, कारण संदर्भ देण्याच्या कोणत्याही पद्धतीत वहीला रकाना नाही. शेवटी साधे लिहिले, की या टिपणाचा मूळ आराखडा आमच्या वसतिगृहातल्या एका वडीलधाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतला आहे. त्याला कळविले तेव्हा तो म्हणाला, ती वही त्याचीही नव्हती.

वर्गातही एक बदल केला आहे. स्वाध्यायाच्या शेवटी विद्यार्थ्याने तीन ओळी लिहावयाच्या : हे मला कुणाकडून मिळाले, ते कुठून आले आहे, आणि यात माझे काय आहे. 'पीडीएफवरून घेतले' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापत नाही. शेवटच्या ओळीत काहीच लिहिता आले नाही तर मात्र पुन्हा लिहावयास लावतो. पहिल्या वर्षी बहुतेकांची ती ओळ कोरी होती. मग एकीने आपल्या आजोबांकडून ऐकलेली गिरणीतल्या वेगळ्या पाण्याच्या माठाची हकीकत लिहिली, आणि खाली आजोबांचे पूर्ण नाव लिहिले. ते नाव कोणत्याही छापील कागदावर यापूर्वी आले असेल असे मला वाटत नाही.

हे काम लहान आहे, याची मला जाणीव आहे. तासिका तत्त्वावर माणसे राबविणारी आणि फाईल मोजून गुण देणारी व्यवस्था तीन ओळींनी बदलणार नाही. तिच्याशी संघटनेनेच लढावे लागेल आणि त्या लढ्यात ग्रंथालयांच्या प्रती वाढविण्याची मागणी पगाराच्या मागणीइतकीच वर असली पाहिजे. परंतु तोवर आपल्या हातातल्या कागदाची जबाबदारी आपलीच आहे. विशेषतः आपल्या चळवळीचा इतिहास शिकविणाऱ्यांची. कारण तो कागद पुढे जातो. आमची जुनी पीडीएफ अजून फिरते आहे. गेल्या परीक्षेत दोन उत्तरपत्रिकांत 'बहिष्कृत भारत' पुन्हा १९२९ साली सुरू झाले होते. मी तिथे १९२७ लिहिले, आणि कंसात, महाडनंतर चौदा दिवसांनी.